पाठीवरचें ओझें आणि खांद्यावरची बंदूक

दिंडोरीचें नांव घेतलें म्हणजे आजच्या माणसाच्या डोळ्यांपुढें द्राक्षांचे मळे उभे राहतात. इतिहासाच्या वाचकास मात्र हें गांव दुसऱ्या कारणासाठीं ठाऊक असतें. १७ ऑक्टोबर १६७० रोजीं वणी आणि दिंडोरी यांच्या परिसरांत शिवाजीमहाराजांच्या सैन्याची मोगल सरदार दाऊदखान कुरेशी याच्याशीं गांठ पडली, आणि उघड्या मैदानावर मराठ्यांनीं मोगलांस चांगलाच हात दाखविला. या लढाईचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्यांत शौर्याची बाजू येते, आणि ती यावयासच हवी. परंतु त्या दिवशीं महाराजांपुढें जो प्रश्न होता तो मुळांत ओझ्याचा होता, याकडे फारसें लक्ष जात नाहीं. तोच प्रश्न अगदीं लहान प्रमाणांत, पाठीवर पिशवी आणि खांद्यावर बंदूक घेऊन डोंगर चढणाऱ्या प्रत्येक माणसापुढें उभा असतो.

प्रथम त्या लढाईकडे पाहूं. १६७० च्या ऑक्टोबरच्या आरंभीं मराठ्यांनीं दुसऱ्यांदा सुरत लुटली. तीन दिवसांनीं ते तेथून निघाले, ते बागलाणच्या वाटेनें. बरोबर पायदळ व घोडदळ मिळून सुमारें पंधरा हजार माणूस होतें आणि लाखो रुपयांची लूट होती. नाणें, सोनें, मोतीं अशा ऐवजाला जागा थोडी लागते. पण वजन हें वजनच. लादलेला घोडा पळूं शकत नाहीं आणि लादलेला माणूस वळूं शकत नाहीं. सातमाळा डोंगराच्या रांगेतील कांचन-मांचन खिंड ओलांडून नाशिकच्या बाजूनें कोंकणांत उतरावयाचें, असा बेत होता. तोंच दाऊदखान बऱ्हाणपुराकडून चांदवडास येऊन पोंचल्याचें कळलें. म्हणजे ओझें पाठीवर, शत्रु जवळ आणि घाट अजून दूर.

अशा वेळीं दोनच गोष्टी करतां येतात असें सामान्य माणसास वाटतें : ओझें टाकून लढावें, किंवा ओझें घेऊन पळावें. महाराजांनीं यांपैकीं एकही केली नाहीं. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत लिहिलें आहे, कीं त्यांनीं सैन्याचे चार-पांच भाग केले. एका भागाकडे लूट सोंपवून त्यास घाटाकडे लावून दिलें आणि बाकीच्यांनीं मोकळ्या अंगानें शत्रूस तोंड दिलें. मोगलांच्या आघाडीवर इखलासखान होता. मागचें सैन्य येऊन मिळण्यापूर्वींच त्यानें हल्ला चढविला आणि तो जखमी होऊन घोड्यावरून खालीं आला. मोगलांच्या बाजूनें त्या स्वारींत हजर असलेला भीमसेन सक्सेना आपल्या ‘तारीख-इ-दिलकुशा’ या ग्रंथांत सांगतो, कीं बुंदेल्यांच्या बंदूकवाल्या पायदळानेंच मराठ्यांना थोपवून धरलें. इतकें होऊनही लूट सुखरूप कोंकणांत उतरली, आणि लढाईचा खरा निकाल तो.

ज्याच्या अंगावर ओझें आहे त्याच्यावर लढण्याचें काम टाकूं नये, आणि ज्यानें लढावयाचें त्याच्या अंगावर ओझें ठेवूं नये, इतकी ही साधी विभागणी आहे. पुढें नव्वद वर्षांनीं, १७६१ सालीं पानिपतावर हीच विभागणी करतां आली नाहीं. यात्रेकरू, बायकामुलें, बाजारबुणगे यांचें प्रचंड लटांबर फौजेच्या पाठीशीं राहिलें, आणि फौजेचें एक अंग त्याला संभाळण्यांतच गुंतलें. परंतु सेनापतीस सैन्याचे भाग करतां येतात; एकट्या माणसास आपल्या शरीराचे भाग करतां येत नाहींत. तीच पाठ आणि तोच खांदा. म्हणून त्याला युक्ति पट्ट्यांची करावी लागते.

ही अडचण नेमकी कोठें आहे तें पाहूं. रिकाम्या अंगानें चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठीक बसते. मान आणि खांद्याचें टोंक यांच्यामध्यें एक लहानसा सखल भाग असतो, त्यांत पट्टा रुततो. पाठीवर पिशवी घेतली कीं तिचा बंद हीच जागा व्यापतो. मग बंदुकीचा पट्टा त्या बंदावर चढून बाहेरच्या उतारावर येतो आणि पावलागणिक घसरतो. माणूस नकळत तो खांदा उचलून धरतो. अर्ध्या कोसांत मान आंखडते, एका कोसांत पाठीचा कणा एका अंगास वांकतो, आणि संध्याकाळीं ‘पिशवी फार जड होती’ अशी तक्रार होते. बिचाऱ्या पिशवीचा यांत कांहीं दोष नसतो. चार किलोची वस्तु खांदा उचलून धरणें हें दहा किलो पाठीवर नीट बांधून नेण्यापेक्षां अधिक थकविणारें असतें. कारण पाठीवरचें वजन हाडें पेलतात आणि उचललेला खांदा फक्त स्नायूंच्या जोरावर टिकतो.

आपल्याकडे ओझें वाहण्याच्या जुन्या रीति पाहिल्या तर समतोलाचें हें शास्त्र खेड्यांतल्या माणसास किती पक्कें ठाऊक होतें याची खात्री पटते. पडशी घ्या. मधोमध तोंड आणि दोन्ही अंगांस दोन पोटें. एक छातीवर व एक पाठीवर, खांद्यावर नुसता मधला पट्टा. कावडीचें तत्त्वही तेंच. कोजागिरी पौर्णिमेस वणीच्या सप्तशृंगीला नद्यांचें पाणी घेऊन कावडी येतात. दोन्ही टोंकांस सारखें वजन असल्यामुळें खांद्याला फक्त टेकूचें काम राहतें, आणि चालतां चालतां खांदा बदलतां येतो. रोमन सैनिकही आपलें सामान एका दुबेळक्याच्या काठीला बांधून खांद्यावर टाकीत; त्यामुळें त्यांना ‘मारियसचीं खेंचरें’ असें नांव पडलें होतें. पण कावडीला आणि काठीला एक हात गुंतलेला राहतो, हें विसरूं नये. देवीला पाणी नेणाऱ्याचें त्यावांचून अडत नाहीं, बंदूकवाल्याचें अडतें.

सतराव्या शतकांतली तोडेदार बंदूक वाहणें हें तर एक दिव्यच होतें. तिची लांबी पांच-सहा फूट. बंदुकीशिवाय दारूचें शिंग, गोळ्यांची थैली, गज आणि जळता तोडा, इतक्या वस्तु अंगावर बाळगाव्या लागत. आणि त्यांतला जळता तोडा दारूपासून दूर ठेवणें ही चोवीस तासांची काळजी. घोडदौडीत अशी बंदूक पुन्हां भरणें जवळजवळ अशक्य होतें, म्हणून मराठा स्वाराचा भर भाल्यावर आणि तलवारीवर राहिला. दिंडोरीस बंदुकीनें काम केलें तें बुंदेल्यांच्या पायदळानें, उभें राहून, जागा धरून.

इंग्रजी अमदानींत सह्याद्रीच्या जंगलांत शिकारी साहेब हिंडूं लागले तेव्हां त्यांनीं हा प्रश्न फारच सोयीनें सोडविला. बंदूक साहेबाच्या हातांत आणि तंबू, पेटारे, काडतुसें, दारूच्या बाटल्या हें सारें कोळी-भिल्लांच्या डोक्यावर. पुष्कळदां तर बंदूकही दुसऱ्याच्याच खांद्यावर असे, आणि जनावर दिसलें म्हणजे ती साहेबाच्या हातीं दिली जाई. शिकारीच्या जुन्या पुस्तकांतून नेमबाजीचीं वर्णनें पानेंच्या पानें आढळतात. ओझें कोणीं वाहिलें याला मात्र एखादी ओळ मिळाली तर मिळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील शिकारीचा तो काळ संपविला, हें बरेंच झालें. आज नाशिक जिल्ह्यांत बंदूक आणि पाठपिशवी एकत्र दिसतात तीं देवळालीसारख्या छावणींतील जवानांच्या, पोलिसांच्या किंवा राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांच्या अंगावर. परवाना घेऊन पिकाच्या राखणीसाठीं बंदूक बाळगणारा एखादा शेतकरीही असतो. परदेशांत जेथें शिकारीस कायद्यानें मुभा आहे तेथें शिकारी आपला बिछाना, अन्न आणि परत येतांना मांसही स्वतःच्या पाठीवर आणतात. साहेबाची सोय त्यांना नसल्यामुळें पट्ट्यांचा विचार त्यांनींच अधिक बारकाईनें केला आहे.

सैन्यांत या विचाराला मोठें वळण १९०८ सालीं मिळालें. त्यापूर्वीं ब्रिटिश शिपायाच्या अंगावर चामड्याचे पट्टे असत. ते भिजले म्हणजे ताणत आणि वाळले म्हणजे कडक होत. त्या वर्षीं जाड विणलेल्या सुती पट्ट्यांचा नवा साज आला. त्यांत काडतुसांच्या दहा लहान पिशव्या पुढें पोटावर, पांच डावीकडे आणि पांच उजवीकडे, प्रत्येकींत पंधरा. म्हणजे एकूण १५० काडतुसें. त्यांचें वजन जवळजवळ चार किलो भरे. पाठीवर मोठी पिशवी. पुढचें वजन मागच्या वजनास तोलून धरी, आणि सगळा साज एकसंध असल्यामुळें कोटासारखा अंगावर चढे व उतरे. ही आपली पडशीच. फक्त तिला कमरपट्टा जोडलेला. त्या काळची ३०३ रायफल ११३ सेंटिमीटर लांब आणि सुमारें चार किलो वजनाची होती. पुढें आपल्या सैन्यांत आलेली इन्सास रायफल लांबीनें कमी, पण वजनानें जवळजवळ तितकीच. शंभर वर्षांत पुष्कळ कांहीं बदललें. माणसाच्या खांद्यावरचे चार किलो कांहीं हलले नाहींत.

आतां प्रत्यक्ष व्यवहार पाहूं. पिशवी पाठीवर असतां रायफल नेण्याच्या मुख्य रीति चार आहेत, आणि प्रत्येकींत कांहींतरी मिळतें व कांहींतरी जातें.

पहिली रीत पट्टा गळ्यांत तिरपा घालून रायफल छातीवर आडवी ठेवण्याची. जवान बहुधा हीच पसंत करतात, कारण हात झटकन दस्त्यावर जातो आणि पुढचें वजन पाठीवरच्या वजनास तोलतें. यांत एक गोष्ट कटाक्षानें पाळावयाची असते. आधीं पिशवी घ्यावी, मग रायफल. हा क्रम उलटला तर रायफलीचा पट्टा पिशवीच्या बंदांखालीं अडकतो, आणि प्रसंग येतांच माणूस स्वतःच्याच साजांत बांधला जातो. चढावर मात्र ही रीत त्रासाची ठरते. गुडघा वर आला कीं दस्त्यावर आपटतो आणि पुढें पाय कोठें पडतो तें दिसत नाहीं.

दुसरी रीत रायफल पिशवीच्या बाजूला उभी बांधण्याची. दस्ता खालच्या खिशांत बसवावयाचा आणि नळीजवळचा भाग पिशवीच्या वरच्या पट्ट्यानें आंवळावयाचा. लांबच्या मजलेस याइतकें सुखाचें दुसरें नाहीं. दोन्ही हात मोकळे, खांद्यावर घसरणारें कांहीं नाहीं, आणि वजन पिशवीच्या कमरपट्ट्यावाटे कमरेवर उतरतें. पिशवीचें बहुतेक वजन खांद्यांवर न राहतां कमरेच्या हाडांवर यावें, हें चांगल्या बांधणीचें लक्षण. एका बाजूस रायफल आली तर दुसऱ्या बाजूस पाण्याची बाटली ठेवून तोल सांधावा. उणीव उघड आहे : पिशवी उतरविल्यावांचून रायफल हातीं येत नाहीं. करवंदीच्या जाळींतून किंवा बांबूच्या बेटांतून जातांना डोक्यावर निघालेली नळी फांद्यांत गुंतते, तेंही लक्षांत ठेवावें.

तिसरी युक्ति अलीकडची. पिशवीच्या खांद्यावरील बंदाला एक आंकडा किंवा मजबूत फांस लावतात आणि रायफलीचा पट्टा त्यांत अडकवितात. रायफल खांद्याशीं लटकलेली दिसते, पण तिचा भार पिशवीच्या चौकटीवर पडतो. पट्टा घसरत नाहीं, आणि एका हातानें तो मोकळा करतां येतो. पिशवीला आंत ताठ चौकट असली तरच याचा उपयोग. नुसत्या कापडी झोळीला आंकडा लावला तर झोळीच एका अंगास ओढली जाते.

चौथी आणि सर्वांत जुनी रीत म्हणजे रायफल हातांत धरणें. शिकारीच्या शेवटच्या टप्प्यांत किंवा गस्तीवर दुसरी रीत चालत नाहीं. पण सबंध दिवसाच्या चालीला ती निरुपयोगी. पाय घसरला तर माणूस हात टेकावयाचा सोडून बंदुकीला जपतो आणि तोंडावर पडतो.

बर्फावर घसरपट्ट्या बांधून धांवण्याची आणि मध्येंच थांबून नेम मारण्याची बायॅथलॉन नांवाची एक ऑलिंपिक स्पर्धा आहे. तींत रायफल किमान साडेतीन किलोची असावी लागते आणि ती दोन्ही खांद्यांत बंद घालून, दप्तरासारखी, पाठीवर घेतात. एका खांद्यावरचा पट्टा धांवणाऱ्याचा तोल कसा बिघडवितो, याचा यापेक्षां चांगला पुरावा मिळणार नाहीं. तेथें पाठीवर पिशवी नसते, म्हणून तें साधतें; आपल्या मुलांनीं उगाच त्याचें अनुकरण करूं नये.

दिंडोरी-पेठच्या बाजूस पावसाचा विचार स्वतंत्र करावा लागतो. नळी वर ठेवली तर पाणी आंत जातें. नळी खालीं ठेवली तर चढणीवर ती दगडावर ठेंचते आणि चिखलांत रुतते. नळीत चिखल राहून बार उडाला तर नळी फुटण्याचा धोका असतो. म्हणून पावसांत नळीचें तोंड पातळ आवरणानें झांकण्याचा प्रघात आहे. पट्टा चामड्याचा असेल तर भिजून लांबतो आणि सकाळीं नीट बसलेली रायफल दुपारीं गुडघ्याशीं येते. सुताचा किंवा नायलॉनचा रुंद पट्टा या दिवसांत बरा. अरुंद पट्टा दोरीसारखा कापतो, हें भारा वाहणाऱ्या कोणत्याही बाईस सांगावें लागत नाहीं.

कांहीं गोष्टींना मात्र सोयीचा किंवा आवडीचा प्रश्नच नाहीं. ओढा ओलांडतांना, तारेच्या कुंपणांतून जातांना, कडा चढतांना रायफलीच्या घरांत काडतूस असतां कामा नये. खांद्यावर लटकलेल्या रायफलीचें तोंड कोठें वळलें आहे तें वाहणाऱ्याला दिसत नाहीं. तें मागून येणाऱ्याला दिसतें, आणि त्याच्या जिवाशीं गांठ असते. म्हणून ओळीनें चालतांना मागचा माणूस पुढच्याला बजावतो, आणि पुढच्यानें त्याचा राग मानावयाचा नसतो.

इतकें करूनही एकंदर भार किती असावा हा प्रश्न राहतोच. शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक ओझें शिपायाच्या अंगावर नसावें, असा जुना हिशेब आहे; साठ किलोच्या माणसास वीस किलो. त्यांतून चार किलो रायफलीचे आणि तितकेच काडतुसांचे गेले, तर अन्न, पाणी, कपडे, पांघरूण यांस बारा उरतात. अमेरिकन लेखक मार्शल यानें १९५० सालीं शिपायाच्या ओझ्यावर एक छोटें पुस्तक लिहिलें. थकवा आणि भीति यांचा शरीरावर परिणाम सारखाच होतो, आणि जादा ओझ्यानें थकलेला शिपाई भ्यालेल्या शिपायासारखाच वागूं लागतो, असें त्यानें प्रतिपादन केलें. तरीही १९८२ सालीं फॉकलंड बेटांवर ब्रिटिश मरीन सैनिकांना सुमारें छत्तीस किलो पाठीवर घेऊन तीन दिवसांत नव्वद किलोमीटर चालावें लागलें. कागदावरचा हिशेब प्रत्यक्षांत टिकत नाहीं तो असा.

म्हणून कांहीं सैनिकी पिशव्यांच्या खांद्यावरील बंदाला एक सैल टोंक मुद्दाम लोंबतें ठेवलेलें असतें. तें ओढलें कीं बंद सुटतो, माणूस अंग किंचित् वळवितो आणि पिशवी मागें गळून पडते. रायफल छातीवर तशीच राहते, कारण तिचा पट्टा पिशवीच्या बंदांवरून घेतलेला असतो. काडतुसें आणि पाणी कमरेला असतें, तें पिशवीबरोबर जात नाहीं. पिशवींत काय भरावयाचें आणि कमरेला काय ठेवावयाचें, हें यावरूनच ठरतें : जें एक दिवस नसलें तरी चालेल तें पिशवींत, आणि ज्यावांचून एक घटका चालणार नाहीं तें कमरेला. विश्रांतीस बसतांनाही हाच क्रम उलटा लावावा. आधीं रायफल उतरवून हाताशीं, कोरड्या दगडाला टेकून ठेवावी. मग पिशवीचे बंद सोडावे. उठतांना पिशवी घ्यावी, बंद आंवळावे, कमरपट्टा लावावा, आणि सर्वांत शेवटीं रायफल उचलावी.